पंचवीस एकरांना एक नमुना

माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

आमच्या गावात घरोघरी जमीन आरोग्य पत्रिका आहे आणि जवळजवळ प्रत्येकीवर सेंद्रिय कर्बापुढे ‘कमी’ असा शेरा आहे. पुढे काय करणार, हे विचारणारे अर्ज आम्ही तालुक्याला दिले. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून आता चारचौघांत विचारतो.

पहिला प्रश्न पत्रिकेचाच. केंद्राची ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. तिचा निकष असा, की बागायतीत अडीच हेक्टरांतून मातीचा एक नमुना घ्यायचा आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांतून एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. २०१५-१६च्या कृषिगणनेत राज्यातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर भरली. म्हणजे अर्धा किलो मातीवर सात खातेदारांचे खत ठरते. आमच्या शिवारात पंचवीस एकरांत माथ्याला मुरमाड बरड आहे, मधे हलकी जमीन, ओढ्याकाठी काळी आणि एका कोपऱ्यात चोपण. यातली कुठली माती पिशवीत गेली? ज्याच्याकडे विहीर-कालवा आहे त्याची जमीन चौपट बारकाईने तपासता आणि ज्याचे अख्खे पीक मातीतल्या ओलीवर उभे आहे त्याला ढोबळ अंदाज देता. राज्यातली बहुतांश शेती कोरडवाहू आहे, हे आपल्या खात्याला ठाऊक नाही असे कसे म्हणावे?

आणि तपासता काय? सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. बारा घटक. माती पाणी किती धरते, पाऊस किती वेळात जिरतो, खाली कडक थर आहे का, याचा एकही रकाना नाही. लोखंडी कडे जमिनीत ठोकून त्यात पाणी ओतायचे आणि घड्याळ बघायचे, एवढीच पाणी जिरण्याची चाचणी.

हा रकाना का हवा, त्याचा हिशेब साधा आहे. एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४,००० लिटर पाणी होते. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावते. साडेपाचशे मिलिमीटरच्या पावसात एका एकरावर तेवढेच पडते. पाच एकरवाल्याच्या रानात दरसाल अशी पाच तळी आभाळातून उतरतात. पण कर्ब संपलेली जमीन जोराच्या सरीत वरून लिंपल्यासारखी होते, पाणी आत शिरत नाही, आणि जाताना वरची कसदार माती घेऊन जाते. मग पंधरा दिवसांचा खंड पडला की सोयाबीन माना टाकते.

सरकारचा पैसा मात्र खड्ड्यांत गेला. जलयुक्त शिवार योजनेवर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० साली लिहून ठेवले. प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने भरलेली शेततळी मराठवाड्यात कोणीही दाखवील. जमिनीतले पाणी उपसून उन्हात वाळत ठेवायला आपण अनुदान दिले. रोटाव्हेटरलाही दिले. तो दरवर्षी फिरतो, माती पीठ होते, उरलासुरला कर्ब उडतो. युरियालाही अनुदान, म्हणून त्याची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. शेणखत टाका, असा सल्लाही मिळतो. पण दावणीला जनावर राहिले नाही, शेणखत आणायचे कुठून?

कर्ब टिकवायचा उपाय नाही असे नाही. नांगर न लावता पीक काढता येते, हे नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी भातात करून दाखवले आहे. मुळे जमिनीतच कुजू द्यायची, हे त्यातले सूत्र. आपल्या खात्याने ते आमच्या कापूस-तुरीच्या रानात करून का दाखवले नाही?

आम्हाला सत्कार नको, मृदा दिनाचे बॅनर नकोत. कोरडवाहूतही प्रत्येक गटाचा नमुना घ्या. पाणी जिरण्याची चाचणी पत्रिकेत घाला. कापसाची पऱ्हाटी उपटायच्या दिवसांत कुट्टी यंत्र गावात उभे करा, म्हणजे ती बांधावर जाळावी लागणार नाही. ताग-धैंच्याचे बी पावसाआधी द्या. मागच्या खेपेला ते पेरणी उलटल्यावर आले. आणि शेततळ्याला जसे अनुदान देता तसे ज्याच्या रानातला कर्ब वाढला त्याला एकरी द्या. येत्या अर्थसंकल्पात यासाठी किती रुपये धरले आहेत, तो आकडा जाहीर करा.

मराठवाड्यातील एक कोरडवाहू शेतकरी