हळदीच्या मांडवात जळणारे भांडवल

कर्जत-खालापुरात गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली जाते आणि तिचा पैसा हळदीच्या मांडवात जळतो! डीजे, दारू, मटण, दारात नवी गाडी. काही वर्षांनी गाडीचे हप्ते थकतात आणि बापाच्याच जमिनीवर उठलेल्या फार्महाऊसच्या फाटकावर मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहतो. याला विकास म्हणणाऱ्यांचा आम्ही धिक्कार करतो.

पैसा उधळण्याऐवजी धंद्यात घातला की काय होते, याचे उदाहरणही इथेच आहे. आपल्याच बोरघाटाच्या कातळात १९२०च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने रेल्वेचे बोगदे खोदले. सोलापूरच्या सधन पेढीतला हा मुलगा. गादीवर बसून व्याज मोजत राहिला असता तरी त्याचा जन्म सुखात गेला असता. त्याने रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे कामाची जाण.

पहिले महायुद्ध संपताच या ठेकेदाराने उद्योगपती नरोत्तम मोरारजी आदींना सोबत घेऊन ग्वाल्हेरच्या महाराजांचे जहाज विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीचे हे जहाज, ‘लॉयल्टी’, मुंबईहून लंडनकडे निघाले. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश जहाजमालक लॉर्ड इंचकेप यांची सत्ता. त्यांनी भाडी पाडून कोंडी केली, मग कंपनीच विकत मागितली. वालचंदांनी विकली नाही! इंचकेप यांच्याशी झालेला १९२३चा करार कडू होता: दहा वर्षे फक्त किनाऱ्याचा व्यापार, त्यातही जहाजांच्या ताफ्याला ७५ हजार टनांची मर्यादा. कुणी याला शरणागती म्हणो, आम्ही म्हणणार नाही. मालकी हातात राहिली, म्हणून १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेले ‘जलउषा’ जहाज पाण्यात उतरले.

आणि आपण? भांडवल नाही हे रडगाणे पुरे झाले. ते आपल्याच हातात आले होते, आपणच ते उधळले! खोपोलीत १९१५पासून वीज बनते. रेल्वे आहे, द्रुतगती मार्ग आहे, मुंबईची बाजारपेठ दारात आहे. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. दहा घरांनी मिळून गिरणी टाकावी, आपला तांदूळ आपल्या नावाने विकावा, याला कोणत्या लॉर्डाची परवानगी लागते? त्या धंद्यात वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्यालाही वाटा हवा, फाटकांना होता तसा. नुसती मजुरी देऊन त्याची बोळवण करू नका.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गावोगाव तीन ठराव व्हावेत. हळदीत डीजे आणि दारू बंद. जमीन विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने किंवा भागीदारीत द्यावी. आणि विकायचीच वेळ आली, तर घरच्या बाईच्या संमतीशिवाय एक गुंठाही जाऊ नये. सरपंच कचरत असतील, तर बायकांनीच उठून हे ठराव मांडावेत. पुरुषांनी काय विकले आणि कशात घालवले, याचा हिशेबही त्याच सभेत मागावा.