पन्हाळ्याला येण्यापूर्वी

सहकुटुंब पन्हाळ्याला निघालेले स्नेही मला हटकून विचारतात, "आधी मुलांना कोणता चित्रपट दाखवू?" भालजी पेंढारकरांचा 'पावनखिंड' १९५६ चा, दिग्पाल लांजेकरांचा २०२२ चा. दोन्ही जरूर पाहावेत. पण नावच खिंडीचे, त्यामुळे सारा जीव खिंडीत गुंततो, आणि मुले गडावर आली की बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढून मोकळी होतात.

माझी शिफारस आधी पुस्तकाची. रणजित देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कोवाडचे. त्यांची 'पावनखिंड' ही कादंबरी रात्री जेवणे झाल्यावर घरात मोठ्याने वाचावी. मग अंबरखान्यात उभे राहावे. गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारे पाहिली की १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात चार महिने गड कसा तगला असेल, याची कल्पना येते. धान्य मोजत, पाऊस लागला तरी वेढा उठत नाही हे पाहत बसणे चित्रपटाला पेलत नाही. घोडे दौडल्याशिवाय त्याला चैन कुठे? वेढ्याला मालिकाच मानवते. २००८ ची 'राजा शिवछत्रपती' मला म्हणूनच जवळची वाटते.

राजांचे सोंग घेऊन शत्रूच्या छावणीत गेलेल्या शिवा काशीदांची समाधी पायथ्याला नेबापुरात आहे. मुलांना तिथे न्याच.

आणि हो, कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यातलाच. आर्यांच्या वाटेला आता कोण जातो म्हणा! तरी 'केकावली' पिशवीत असू द्या. पावसाळ्यात इथे दुपारी बाहेर पडता येतेच असे नाही.