झाड अचानक पडत नाही



पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे एक ठराविक पत्र येते. यंदा ते एका भगिनीने लिहिले आहे. त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी जुना गुलमोहर आहे. नळाच्या पाईपसाठी चर खणला, तेव्हापासून तो रस्त्याकडे झुकला आहे. खाली बालवाडी भरते. त्या पालिकेच्या कचेरीत दोनदा जाऊन आल्या. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "बाई, झाड हिरवेगार आहे. आणि पडलेच तर ती निसर्गाची करणी. त्याला आम्ही काय करणार?"

ताई, आम्ही त्या कारकुनावर रागावत नाही. झाड कसे पाहावे आणि असा अर्ज आला तर काय करावे, हे त्याला कुणी शिकवलेलेच नाही. खरा दोष तिथे आहे.

'निसर्गाची करणी' हे उत्तर कोर्टात नेहमी टिकत नाही. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून घरी निघालेल्या एका तरुणाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी कोसळली आणि त्याचा जीव गेला. ते झाड वाळून गेलेले होते. घरच्यांनी दिल्ली महानगरपालिकेवर दावा लावला. तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ साली न्यायालयाने पालिकेलाच जबाबदार धरले. झाडाचा धोका माहीत होता, किंवा वेळोवेळी तपासणी केली असती तर माहीत झाला असता, अशा ठिकाणी पालिकेला हात झटकता येणार नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ. पण न्याय मिळायला ३५ वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

वादळात निरोगी झाडही पडते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु बहुतेक धोकादायक झाडे आधी खुणा देतात. बुंध्याशी अळंबी उगवली की आत कुजणे सुरू झाले असे समजावे. खोडात ढोली पडते. भर पानांच्या दिवसांत एखादी फांदी उघडी राहते. जुना कल वेगळा आणि नवा कल वेगळा. नव्याने झुकलेल्या झाडाच्या पाठीमागची माती फुटून वर उचललेली दिसते. झाडाला धरून ठेवणारी मुळे फार खोल नसतात, म्हणून बुंध्याजवळ खणलेला चर झाडाचा आधारच तोडतो. पाने मात्र काही काळ हिरवी राहतात आणि माणूस फसतो. बुंध्याभोवती सिमेंट ओतल्याने मुळांची हवा आणि पाणी तुटते. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवती १ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो यासाठीच.

एवढे समजायला मोठी पदवी लागत नाही. मग शिकवायचे कुणाला? आमच्या मते, एकट्या उद्यान अधिकाऱ्याला शिकवून भागणार नाही. रोज पहाटे त्याच झाडाखाली झाडू मारणाऱ्या सफाई कामगाराला खुणा ओळखता आल्या पाहिजेत, आणि त्याचा शब्द मुकादमाने वहीत लिहिला पाहिजे. चर खणणाऱ्या खात्याच्या इंजिनिअरला मुळांचे ज्ञान हवे. कारकुनाला अर्ज कुणाकडे व किती दिवसांत पाठवायचा हे ठाऊक हवे. कोयता घेऊन वर चढणाऱ्याला दोर, पट्टा आणि हेल्मेट हवे. तोही कुणाचा बाप, कुणाचा भाऊ आहे. आपल्या कितीतरी घरांतून माणसे ह्याच कामावर जातात.

महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यात दर ५ वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. पण नुसता आकडा कुणाला वाचवत नाही. कोणते झाड केव्हा पाहिले, काय आढळले, काय केले, ही नोंद हवी. त्या नोंदीने माणूस वाचतो, आणि प्रामाणिक कर्मचाऱ्याची नोकरीही वाचते.

ताई, आता तुमचे काम. अर्ज लेखी द्या. झाडाची जागा, चर खणल्याची तारीख आणि खुणा लिहा, फोटो जोडा. आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोवर बालवाडी दुसऱ्या जागी भरवा. स्वतः झाड तोडू नका. परवानगीवाचून तोडणे हा गुन्हा आहे. भीतीपोटी सगळी झाडे तोडा असेही म्हणू नका. वैशाखात भाजीवाल्या मावशीला तीच सावली असते. पुष्कळदा योग्य छाटणीने काम भागते.

आणि कुठे दुर्घटना घडलीच, तर पंचनामा, दवाखान्याचे कागद आणि जुन्या अर्जाची प्रत जपा. दाव्याच्या मुदती आखूड असतात, म्हणून वकिलाकडे लगेच जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा.

पण दावा जिंकूनही गेलेले माणूस परत येत नाही. म्हणून पुढच्या वेळी नगरसेवक दारी आले की नळ-गटाराबरोबर हेही विचारा: आमच्या वॉर्डातली झाडे पाहायला कुणाला शिकवले आहे? त्याचे नाव आम्हांला सांगा.