पळसाखाली कोण बसणार?

दर वर्षी फेब्रुवारी आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकच फोटो फिरतो. पूर्व द्रुतगती महामार्ग, विक्रोळी, कडेला गुलाबी झाडांची रांग आणि खाली ओळ: 'जपानला कशाला जायचं? मुंबईतच साकुरा!' यंदा मंडळाच्या ग्रुपवरही तो आला आणि लगेच ठराव निघाला की सगळ्यांनी मिळून विक्रोळीला 'हानामी' करायची. त्या ठरावाविरुद्ध एकच मत पडलं. ते माझं. ग्रुपवर टाइप करण्याइतकं ते लहान नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

आधी त्या झाडाबद्दल. ते चेरी नाही. त्याचं नाव टॅबेबुया, मूळ गाव मध्य अमेरिका, आणि एल साल्वादोर या देशाचं ते राष्ट्रीय झाड आहे. परदेशी म्हणून माझा त्याच्यावर राग नाही. गुलमोहर मादागास्करहून आलाय आणि त्याच्याशिवाय आपला मे महिना पुरा होत नाही. मला खटकतं ते एवढंच की समोर उभ्या झाडाला आपण त्याच्या नावानेही ओळखत नाही. ते जपानच्या झाडासारखं दिसतं म्हणून सुंदर! आणि व्यवहाराचं विचाराल तर, त्या महामार्गाच्या कडेला चटई टाकून बसणार कुठे? ट्रकच्या धुरात?

कारण हानामी म्हणजे बसणं. शब्दाचा अर्थ साधा आहे: 'हाना' म्हणजे फूल, 'मी' म्हणजे पाहणं. (मराठीतला 'मी' आपण त्यात घुसवला आणि सेल्फी काढला, ती गोष्ट वेगळी.) घरचे, शेजारी, ऑफिसातले लोक झाडाखाली निळी प्लास्टिकची ताडपत्री अंथरतात, डबे उघडतात, पितात, गातात. ऑफिसातल्या सगळ्यात नव्या पोराला सकाळीच जागा धरायला पाठवतात, म्हणजे आपल्या लोकलसारखंच. हे काही पूर्वीपासून सगळ्यांचं नव्हतं. आधी दरबारी लोकांचा शौक होता. 1720 च्या सुमाराला शोगुन योशिमुने याने एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, आसुकायामा टेकडीवर चेरी लावून घेतल्या आणि तिथे साध्या माणसांना बसायला मोकळीक मिळाली.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याच्याही आधीची गोष्ट. आठव्या शतकात जपानी दरबार फुलं बघायला बसायचा ते 'उमे'च्या झाडाखाली, आणि हे झाड आलं होतं चीनहून. चीन तेव्हा त्यांचं अमेरिका होतं. कविता कशी करायची, कपडे कसे घालायचे, फूल कुठलं बघायचं, सगळं तिथून. 'मान्योशू' या त्या काळातल्या संग्रहात उमेवरच्या कविता साकुरावरच्या कवितांच्या दुपटीहून जास्त आहेत. नंतर दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा 'कोकिनशू' उघडला की चित्र पालटलेलं दिसतं. आता वसंत म्हणजे साकुरा, त्यांच्या डोंगरात आपसूक उगवणारं झाड. उसनं फूल बाजूला झालं आणि घरचं पुढे आलं. मग जपानची नक्कल खरोखर करायचीच असेल तर ती इथे करावी. तेही एकेकाळी दुसऱ्यांचंच फूल बघत होते. थांबले, मागे वळले आणि आपल्या डोंगराकडे बघायला लागले.

आपला डोंगर कुठला? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. माझं घर सायलीला, सिल्व्हासाला लागून. वापीला उतरायचं आणि शेअर रिक्षाने आत यायचं. दादरा नगर हवेली म्हटलं की लोकांना कारखाने आठवतात, हल्ली सायलीचं मेडिकल कॉलेज आठवतं. पण कारखान्यांच्या भिंती संपल्या की साग लागतो, आणि सागाच्या मधेमधे पळस. आमच्याकडे त्याला खाखरा म्हणतात आणि फुलाला केसुडो. (हॉस्टेलवर मी 'खाखरा फुललाय' म्हटलं तेव्हा रूममेटने डबा मागितला.) फेब्रुवारीत त्याची पानं गळतात आणि वेड्यावाकड्या काळ्या फांद्यांवर नुसती केशरी फुलं राहतात. पोपटाच्या चोचीसारखा आकार, वास जवळजवळ नाहीच. वास नाही म्हणून पाहुणे नाहीत असं मात्र नाही. सकाळी साडेसातला झाडाखाली उभं राहा: मैना, बुलबुल, शिंजीर, नुसता बाजार भरलेला असतो. मध प्यायला आलेले हे पक्षीच त्याचे परागकण एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

आता एक कबूल करायला हवं. पळस साकुरासारखा सोयीचा नाही. जपानमधल्या बऱ्याचशा चेरी 'सोमेइ योशिनो' या एकाच जातीच्या, कलमं करून वाढवलेल्या. म्हणजे सगळी झाडं एकमेकांची नक्कल, म्हणून ती एकदम फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदम झडतात. पळसाचं प्रत्येक झाड आपल्या मर्जीचं. एक फुलून संपलं तरी शेजारचं अजून कळ्याच धरून बसलेलं. खाली सावली नाही, आणि मार्चमध्ये अकरानंतर आमच्याकडे उभं राहवत नाही. शिवाय तो फुलतो बहुतेक उपवासकाळात. मी आईला बेत सांगितला तर ती म्हणाली, "राखेचा बुधवार झाला आणि तुम्ही पिकनिक करणार?" पण डबे आणि पार्टी हा हानामीचा एक भाग आहे, सगळा नाही. चणे आणि पाण्याची बाटली घेऊनही बसता येतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू फुलांकडे बघायला सांगतो ती रानातली फुलं आहेत, हे आपण दर वेळी ऐकतो आणि सोडून देतो.

आणि आपली भाषा बघा. जपानीत एक म्हण आहे, 'हाना योरी दांगो', फुलापेक्षा दांगो बरा. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे. फुलं बघायला आले आणि खाण्यावर तुटून पडले, अशांची थट्टा. पण थट्टेपुरतं का होईना, त्यात फूल आहे. आपली म्हण आहे, 'पळसाला पाने तीनच'. इतकं पेटलेलं झाड समोर असून आपण मोजली ती पानं! अर्थात पानांना कारण आहे. पळसाच्या पत्रावळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लोक जेवले. आमच्या मागच्या पाड्यातल्या वारली मावशी आजही पानं ओळखतात, होळीच्या रंगासाठी फुलं उकळतात. त्या झाडाकडे बघत नाहीत असं मी म्हणूच शकत नाही. बघत नाही ते आपण, शिकलेले, ज्यांना पत्रावळही लागत नाही आणि रंगही पाकिटातला चालतो. रेव्हरंड टिळकांचं नाव निघालं की 'फुलामुलांचे कवी' हे शब्द आपल्या तोंडात आपोआप येतात, 'वनवासी फूल' हे नावही पाठ असतं. वनातलं फूल बघायला मात्र कोणी गेलेलं नसतं.

यात नुसती हौस असती तर मी एवढं लिहिलं नसतं. मागच्या वर्षी आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवरचे तीन पळस एका दुपारी गेले. संध्याकाळी मी चौकशी केली तर उत्तर मिळालं, "जंगली झाडं होती." बस. उद्या विक्रोळीच्या त्या गुलाबी रांगेवर कुऱ्हाड पडली तर आपणच ग्रुप डोक्यावर घेऊ, कारण ती झाडं आपल्या फोटोत आहेत. फोटोत नसलेल्या झाडाच्या बाजूने बोलायला कोणी नसतं.

म्हणून 'पळस महोत्सव' भरवा असं मात्र मी म्हणत नाही. फ्लेक्स, स्टॉल आणि सेल्फी पॉइंट आला की काय होतं ते कास पठारावर दिसलंच; फुलं तुडवली जायला लागली, शेवटी तिकीट लावून माणसं मोजावी लागली. फुलाला फार मोठं केलं की दुसराही धोका असतो. दुसऱ्या महायुद्धात झडणाऱ्या साकुराचं उदाहरण देऊन जपानी तरुणांना मरायला शिकवलं गेलं. आत्मघातकी हल्ल्यासाठी बनवलेल्या एका विमानाचं नावच 'ओका', चेरीचं फूल, असं होतं.

मला हवं ते लहान आहे आणि साहित्य मंडळाला जमण्यासारखं आहे. क्योतोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी इसवी सन 812 पर्यंत मागे जातात. त्या कोणा वैज्ञानिकाने ठेवलेल्या नव्हत्या. दरबाऱ्यांच्या रोजनिशा, मठांतल्या नोंदी, कविता यांतून यासुयुकी आओनो या संशोधकाने त्या शोधून काढल्या. 2021 मध्ये क्योतोची चेरी 26 मार्चला पूर्ण बहरली, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सगळ्यात लवकर, आणि हवामान बदलतंय याचा तो एक पुरावा ठरला. म्हणजे कोणीतरी झाडाखाली बसून, कविता करून, वर तारीख टाकली, ती बाराशे वर्षांनी कामाला आली. आपण कविता करतोच, तारीख तेवढी टाकत नाही.

तोक्योत मोहोर आला हे जाहीर करायचीही पद्धत आहे. यासुकुनी देवळाच्या आवारातलं एक ठरलेलं झाड हवामान खात्याचा माणूस तपासतो; पाच-सहा फुलं उमललेली दिसली की जाहीर. आपणही एक झाड ठरवू या. मुंबईकरांसाठी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. पळस, पांगारा, काटेसावर तिन्ही तिथे भेटतात. ज्याच्या गावी पळस असेल त्याने आपला ठरवावा. रविवारी सकाळची मिसा झाली की निघायचं, तासभर बसायचं, वहीत लिहायचं.

सायलीचं झाड मी ठरवलं आहे, ओढ्याच्या वळणावरचं. नोंद: 9 फेब्रुवारी, खालची फांदी, पाच फुलं, दोन मैना. बोरिवलीसाठी नावं माझ्याकडे द्या. टोपी आणा, सावली मिळणार नाही.