जमाखर्च जुळला, दिवा कोणाचा विझला?



काही वर्षांपूर्वी मी आमच्या वस्तीतल्या मंडळाचा खजिनदार होतो. बी. कॉम. झालेला, त्यात कारकून. म्हणून वही माझ्याच गळ्यात पडली. आदल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीसाठी मंडळाने ४० हजार रुपये व्याजाने उचलले होते. मोठा मंडप, मोठे कर्णे, रोषणाई. मी विरोध केला नाही. कागदावर सहीसुद्धा माझीच होती. पुढचे वर्षभर जी वर्गणी आली ती हप्त्यात आणि व्याजात गेली.

वार्षिक सभेत मी वही वाचून दाखवली. जमा इतकी, खर्च इतका, तूट काही नाही. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "भाऊ, अभ्यासिकेच्या लाईटबिलापुढं काय लिवलंय?"

मी म्हणालो, "काही नाही आजी. शून्य."

"शून्यच आसनार. मीटर कापून न्हेला की! माझी नात जिन्यातल्या दिव्याखाली बसती अभ्यासाला."

त्यानंतर कोणी टाळी वाजवली नाही. माझी वही चुकीची नव्हती. पैशाचाही घोटाळा नव्हता. जमाखर्च खरोखरच जुळला होता. पण तो कशामुळे जुळला, हे वहीत कुठेच दिसत नव्हते.

सरकारचे 'समतोल अंदाजपत्रक' आणि 'विकासाची योजना' असे शब्द वर्तमानपत्रात आले की मला त्या आजी आठवतात. अशा बातमीवर आपल्यासारख्या कष्टकरी घरात दोनच मते असतात. एक, आपल्याला काय त्याचे? दुसरे, तूट येईना का, गरिबाला मिळाल्याशी कारण. मी स्वतः बरीच वर्षे दुसऱ्या मताचा होतो. ते मत बदलले एका परक्या प्रांताचा हिशेब वाचून. तो आज आपल्यापुढे मांडतो.

कॅनडा देशात आपल्या राज्यांसारखे दहा प्रांत आहेत. दवाखाने आणि शाळा ही तिथे मुख्यतः प्रांताची जबाबदारी. त्यातला एक प्रांत सास्काचेवान. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, आणि वस्ती १९९० च्या सुमारास जेमतेम १० लाख. सगळा गव्हाचा मुलूख. १९३० नंतरच्या दहा वर्षांत तिथे दुष्काळ पडला, माती वाऱ्याने उडून गेली, गव्हाचा भाव कोसळला. जागतिक मंदीत कॅनडातला सर्वात होरपळलेला प्रांत हाच.

अशा प्रांतात १९४४ साली टॉमी डग्लस यांचा पक्ष ४७ जागा जिंकून सत्तेवर आला. उत्तर अमेरिकेतले पहिले समाजवादी सरकार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. डग्लस हे चर्चचे धर्मोपदेशक. लहानपणी त्यांच्या पायाचे हाड सडू लागले होते. आईवडिलांजवळ पैसे नव्हते, पाय कापायची वेळ आली होती. एका शल्यवैद्याने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्याल तर फुकट करतो, असे सांगितले आणि पाय वाचला. डग्लस पुढे ही गोष्ट सभांतून सांगत. त्यांचे म्हणणे असे की, मुलाचा पाय वाचणे हे कोणा डॉक्टरच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये.

आता तुम्हाला वाटेल, या माणसाने खुर्चीवर बसल्याबरोबर तिजोरी उघडली असेल. तसे झाले नाही. त्यांचे अर्थमंत्री क्लेरन्स फाइन्स यांनी ओळीने १६ वर्षे शिलकी अंदाजपत्रके मांडली. जुने कर्ज कमी करीत आणले. समाजवादी सरकार, आणि हिशेबाला इतके कडक! कारण सरळ होते. कर्जावरचे व्याज जाते ते रोखे घेणाऱ्याच्या खिशात, आणि रोखे गरीब माणूस घेत नाही. गव्हाचा भाव पडला, म्हणून सावकार थांबत नाही. जो सावकाराच्या दारात उभा आहे, त्याच्या घरातले निर्णय सावकारच घेतो.

पण शिल्लक दाखवण्यासाठी त्यांनी माणसांचे रकाने शून्य केले नाहीत. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतात रुग्णालय विमा सुरू झाला. माणशी वर्षाला ५ डॉलर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर भरायचे, आणि रुग्णालयाचे बिल सरकारने द्यायचे. सर्वांसाठी अशी योजना त्या खंडात पहिलीच. सरकारने स्वतःची विमा कंपनी काढली, १९४६ साली बस कंपनी काढली, शेतावरच्या घरांपर्यंत वीज नेली. काही उद्योग फसलेही. बुटांचा कारखाना, चामड्याचा कारखाना, लोकरीची गिरणी चालली नाही. ती बंद केली. फसलेला धंदा विचाराच्या नावाखाली ओढत बसले नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

डॉक्टरची फीसुद्धा सरकारने द्यावी, ही डग्लस यांची मूळ इच्छा. त्यासाठी ते थांबले. १९५८ पासून मध्यवर्ती सरकार रुग्णालयांच्या खर्चात वाटा देऊ लागले. प्रांताचा हात मोकळा झाला, तेव्हा कुठे १९५९ साली त्यांनी योजना जाहीर केली. १ जुलै १९६२ रोजी ती अमलात आली. तोवर डग्लस देशाच्या राजकारणात गेले होते आणि वुड्रो लॉइड मुख्यमंत्री होते. डॉक्टरांनी त्याच दिवशी संप पुकारला. तो २३ दिवस चालला. सरकार मागे हटले नाही. १९७२ पर्यंत कॅनडाच्या सर्व प्रांतांत ही योजना पोहोचली. गव्हाच्या एका गरीब प्रांताने सबंध देशाला वाट दाखवली. ती दाखवता आली, कारण त्याच्या डोक्यावर सावकार बसलेला नव्हता.

इथवरची गोष्ट गोड आहे. आता पुढची ऐका.

१९८२ साली तिथे ग्रँट डिव्हाइन यांचे सरकार आले. पेट्रोलवरचा प्रांताचा कर रद्द, घरकर्जाच्या व्याजावर सवलत, पुढे घर नीटनेटके करायलाही अनुदान. ऐकायला किती छान! पण कर सोडला आणि खर्च वाढवला. त्यातच गव्हाचे आणि खनिजांचे भाव पडले. त्या सरकारची नऊच्या नऊ वर्षे तुटीची गेली. १९९१ साली सत्ता गेली तेव्हा सरकारी कंपन्यांसकट प्रांताचे कर्ज सुमारे १५ अब्ज डॉलर झाले होते. आरोग्य आणि शिक्षण यांच्या खालोखाल सर्वात मोठा खर्च कसला? तर व्याजाचा. आमच्या मंडळाचा मंडप आणि कर्णे इथे आठवावेत.

नवे मुख्यमंत्री रॉय रोमानो हे डग्लस यांच्याच पक्षपरंपरेतले. त्यांनी तूट संपवायचे ठरवले. विक्रीकर ७ टक्क्यांवरून १९९२ साली ८ टक्के आणि १९९३ साली ९ टक्के केला. औषधांसाठी मिळणारी मदत कमी केली. आणि १९९३ साली ग्रामीण भागातल्या ५२ छोट्या रुग्णालयांत रोग्याला दाखल करून घेण्यासाठी मिळणारा पैसा बंद केला. ज्या पक्षाने रुग्णालयाचे दार गरिबाला उघडून दिले, त्याच पक्षाला ते बंद करावे लागले. काही ठिकाणी छोटी आरोग्य केंद्रे राहिली, पण रात्री छातीत दुखू लागले तर दूरच्या शहराचा रस्ता धरणे आले. गावागावांत संताप उसळला.

त्याबरोबर विकासाची योजनाही होती. १९९२ साली 'नवोभारणीसाठी भागीदारी' अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका निघाली. सरकार, उद्योग, कामगार आणि सहकारी संस्था यांनी मिळून रोजगार वाढवायचा, नुसता गहू आणि खनिजे बाहेर न पाठवता माल तयार करून पाठवायचा, असा त्याचा रोख. फेब्रुवारी १९९५ मध्ये अर्थमंत्री जॅनिस मॅकिनन यांनी तूट संपल्याचे जाहीर केले. त्या दशकात तूट भरून काढणाऱ्या पहिल्या काही प्रांतांत सास्काचेवान होता. जमाखर्च जुळला. टाळ्या पडल्या.

पण त्याच वर्षी मध्यवर्ती सरकारनेही आपली तूट कमी करायला घेतली. कशी? तर प्रांतांना आरोग्य, शिक्षण आणि कल्याणासाठी देण्याचा पैसा कमी करून. शिवाय गव्हाच्या रेल्वेभाड्याला मिळणारी जुनी मदत १९९५ सालीच बंद केली. म्हणजे वरच्याने आपली वही जुळवली आणि भार खालच्यावर टाकला. खालच्याने आपली जुळवली आणि भार गावावर टाकला. गाव तो भार कोणावर टाकणार? म्हातारीवर, आजाऱ्यावर, शेतमजुरावर.

वरच्या आणि खालच्या सरकारातला हा पैशाचा व्यवहार आपल्याला नवा वाटू नये. बाबासाहेबांनी याच विषयावर ग्रंथ लिहिला. 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती' हा तो ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला आणि त्याला कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. १८७१ पूर्वी सगळा महसूल वरच्या सरकारचा आणि खर्च करणारे प्रांत वेगळे, अशी रीत होती. मिळवणारा एक, उधळणारा दुसरा, आणि कर भरणाऱ्या रयतेला विचारणारा कोणीच नाही. पुढे टप्प्याटप्प्याने ती कशी बदलत गेली, याचा बाबासाहेबांनी वर्षावर्षाचे आकडे घेऊन मागोवा घेतला. आपण त्यांची घटना डोक्यावर घेतो, ते योग्यच आहे. पण हा माणूस आकड्यांच्या वह्या वाचीत बसला होता, हे विसरतो. राज्य कोणाच्या बाजूचे आहे, हे भाषणात कळत नाही. ते रकान्यात कळते.

रोमानो यांना मी खलनायक ठरवणार नाही. पैसे देणाऱ्यांनी हात आखडला असता तर कदाचित ५२ ऐवजी जास्त रुग्णालये बंद करावी लागली असती. मला एवढेच कळले की, ती रुग्णालये १९९३ साली बंद झाली असली तरी त्यांचा निकाल त्याआधीच्या दहा वर्षांत, फुकटच्या घोषणांना टाळ्या पडत होत्या तेव्हाच लागला होता. तूट ही गरिबाची मैत्रीण असते, हा माझा समज तिथे गळून पडला.

आणि हे एकदाच घडून संपत नाही. २०१४ नंतर तेलाचे आणि पुढे खनिजांचे भाव पडले, त्याच प्रांताची तिजोरी पुन्हा रिकामी झाली. मार्च २०१७ च्या अंदाजपत्रकात तीन वर्षांत समतोल साधण्याची योजना मांडली गेली. विक्रीकर ५ वरून ६ टक्के झाला आणि डग्लस यांच्या काळातली ती सरकारी बस कंपनी बंद करायचे ठरले. प्रवासी कमी झाले, तोटा वाढला, हे सरकारचे कारण. ते आकड्यात खोटे नव्हते. पण उरलेले प्रवासी कोण होते? ज्यांना मोटार परवडत नाही, जे तपासणीसाठी शहरातल्या रुग्णालयात जातात, ते. ३१ मे २०१७ रोजी शेवटची बस धावली.

तेव्हा बंधु-भगिनींनो, कोणत्याही सरकारचे अंदाजपत्रक असो, कोणत्याही मंडळाची, बचत गटाची किंवा आपल्या स्वतःच्या घराची वही असो, तीन प्रश्न विचारायला शिका. कर्ज काढले ते कशासाठी, मीटरसाठी की मंडपासाठी? वही जुळवताना कोणाच्या नावापुढे शून्य लिहिले? आणि भरायला सांगितले ते कोणाला? विक्रीकर साबणाच्या वडीवर श्रीमंताला आणि मोलकरणीला सारखाच लागतो, हे ध्यानात असू द्या. हे प्रश्न विचारायला बी. कॉम. व्हावे लागत नाही. त्या आजी कधी शाळेत गेल्या नव्हत्या.

आमच्या मंडळाचे सांगायचे तर, पुढच्या दोन वर्षांत आम्ही कर्ज फेडले. मिरवणूक साधी काढली. थकलेले बिल भरून मीटर परत आणला. ठरावाच्या वहीत एक ओळ लिहिली आहे: वर्गणीतून आधी अभ्यासिकेचे बिल, मग बाकीचे.

पण आजींच्या नातीची दहावी जिन्यातल्या त्या दिव्याखालीच झाली. ते वर्ष आम्हाला तिला परत देता आले नाही. ते कोणत्या रकान्यात लिहावे, हे मला अजून कळलेले नाही.

जयभीम.