सत्कार नेमका कोणाचा?
जानेवारी-फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या शाळांत स्नेहसंमेलनांची धांदल उडते. पताका लागतात, लेझीम रंगते, सरपंचांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत साऱ्यांना शाल-श्रीफळ मिळते. बक्षिसे निघेपर्यंत पहिलीतली पोरे मांडवातच पेंगू लागतात! फलकावर झळकतात ते शिष्यवृत्ती परीक्षेतले चेहरे. त्यांचे कौतुक रास्तच. पण बालबाजारात मेथीच्या जुड्या विकून गिऱ्हाइकाला सुटे पैसे चोख परत देणारी तिसरीतली मुलगी, किंवा गावोगाव फिरणाऱ्या ऊसतोड कुटुंबातला, परिपाठात पहिल्यांदाच न अडखळता बातम्या वाचणारा मुलगा, यांच्यासाठी टाळ्या कधी वाजणार? परीक्षेपलीकडच्या उपक्रमांना वेळ मिळावा म्हणून राज्याने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. मात्र शनिवारी केलेले वार्षिक समारंभात दिसतच नसेल, तर पालकांच्या लेखी ती निव्वळ करमणूक ठरते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यक्रमपत्रिका त्यांनीच हाती घ्यावी. भाषणे दोनच ठेवावीत, तीही बक्षिसांनंतर. आणि पटावरच्या प्रत्येक मुलाचे नाव, त्याने वर्षभरात काय केले हे सांगून, एकदा तरी माइकवरून पुकारावे.