अल्जेरियाची क्रांती : फ्रान्सकडून हिशोब मागताना

डिसेंबर २०२५ मध्ये अल्जेरियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने एक कायदा मंजूर केला. फ्रान्सची वसाहतवादी राजवट हा गुन्हा होता, असे त्यात म्हटले आहे आणि त्याबद्दल माफीची मागणी केली आहे. मागणी रास्तच आहे. पण तारीख चाळायला घेतलीच आहे, तर सगळीच पाने वाचूया.

लोकांनी बंदूक का उचलली? १८३० पासून सुपीक जमिनी युरोपीय वसाहतवाल्यांकडे गेल्या. मुसलमानांना पूर्ण नागरिकत्व हवे असेल तर शरीयतवर आधारलेला वैयक्तिक कायदा सोडा, ही अट १८६५ पासून होती. फरहत अब्बास यांच्यासारखे नेते आधी फ्रान्समध्ये राहूनच बरोबरीचा हक्क मागत होते. तो मिळाला नाही. ८ मे १९४५ रोजी सेतीफला मिरवणुकीवर गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाने सुमारे १०० युरोपीय मारले आणि बदला म्हणून फ्रेंचांनी हजारो अल्जेरियनांची कत्तल केली. अर्ज-विनंत्यांचा रस्ता तिथेच संपला. १ नोव्हेंबर १९५४ ला एफएलएनने (राष्ट्रीय मुक्ती आघाडीने) लढा पुकारला.

पुढच्या साडेसात वर्षांत फ्रान्सने जे केले त्याला माफी नाही. कोठडीत छळ, गावेच्या गावे रिकामी करून वीस लाखांहून अधिक लोक छावण्यांत. नेते लार्बी बेन म्हीदी यांनी कोठडीत आत्महत्या केली, असे १९५७ मध्ये सांगितले गेले. फ्रेंच सैनिकांनीच त्यांना मारले, ही कबुली द्यायला २०२४ उजाडले!

आता दुसरे पान. मे १९५७ मध्ये मेलूझा भागात सुमारे ३०० गावकरी मारले गेले. मारणारे एफएलएनचे, मरणारे मुसलमानच. कसूर काय? ते मेसाली हाज यांच्या प्रतिस्पर्धी पक्षाचे मानले जात होते. हे मेसाली तर स्वातंत्र्याची मागणी सर्वांत आधी करणाऱ्यांपैकी एक. १९७४ मध्ये ते फ्रान्समध्येच वारले. मायदेशी त्यांचा जनाजाच पोहोचला. १९६२ मध्ये फ्रेंच सैन्यात नोकरी केलेल्या हजारो ‘हर्कीं’ना युद्धबंदीनंतर ठार केले गेले. फ्रान्सनेही त्यांना वाऱ्यावर सोडले होते.

काही जण म्हणतील, मजलूमांच्या चुका कशाला काढता? त्याने जालिमाचेच फावते. शंका खरी आहे. फ्रान्समधले काही लोक मेलूझाचे नाव घेऊन १३२ वर्षांचा जुल्म झाकू पाहतात. दोन्ही पारडी सारखी नाहीत, हे आपण ठणकावून सांगितलेच पाहिजे. तरीही गप्प बसण्याची किंमत फ्रान्स मोजत नाही, ती अल्जेरियाची जनताच मोजते.

अबान रमदान यांचे उदाहरण घ्या. ऑगस्ट १९५६ च्या सूमाम परिषदेत त्यांनी तत्त्व मांडले की लष्करापेक्षा राजकीय नेतृत्व वरचढ असेल. डिसेंबर १९५७ मध्ये मोरोक्कोत त्यांच्याच साथीदारांनी त्यांचा खून केला आणि ते लढताना शहीद झाले, असे जाहीर केले. बेन म्हीदींबद्दल फ्रान्स खोटे बोलला, तसेच हे खोटे. मतभेदाचे उत्तर बंदुकीने द्यायची सवय स्वातंत्र्यानंतर सुटली नाही. १९६५ मध्ये संरक्षणमंत्री बूमेदियन यांनी सत्ता घेतली आणि पुढे कारभारावर लष्कराचाच वरचष्मा राहिला. २०१९ च्या ‘हिराक’ आंदोलनात लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांची मागणी होती की राज्य नागरिकांचे हवे, लष्कराचे नको. अबान हेच तर ६३ वर्षांपूर्वी सांगत होते.

या प्रश्नांसाठी कसोटी बाहेरून आणायची गरज नाही. फ्रेंचांशी १८३२ ते १८४७ लढलेले अमीर अब्दुल कादिर कैद्यांना माणुसकीने वागवत. १८६० मध्ये दमास्कसमध्ये दंगल पेटली तेव्हा त्यांनी हजारो ख्रिश्चनांना आसरा दिला. त्यांनी शस्त्रही उचलले आणि हदही पाळली.

आपल्या मुलांना आपण अल्जेरियाच्या शहिदांच्या गोष्टी जरूर सांगाव्यात. त्यात बेन म्हीदी असावेत, अबानही असावेत आणि मेलूझाचे ते गावकरीही. इन्साफ मागणाऱ्या कौमच्या हातातला तराजू स्वतःसाठीही तोच असला पाहिजे.